तांब्या लीगचं सातवं कलम

“ही गुबगुबीत खुर्ची म्हणजे कुणाची अक्कल?” भालूभाऊ पुटपुटले. “मी काय बाळंतीण आहे?”

कुणी ऐकावं म्हणून ते बोलले नव्हते. मी नेमकी त्यांच्या पाठीमागे दडप्या पोह्यांचं पातेलं घेऊन उभी होते, म्हणून ऐकलं. खुर्ची ही माझीच अक्कल होती. सकाळी नवऱ्यानं आणि मी ती दिवाणखान्यातून तळघरात उतरवली, तेव्हा जिन्याच्या भिंतीचा रंग दोन ठिकाणी खरवडला होता. मी पातेलं टेबलावर ठेवलं आणि खोबरं सगळीकडे सारखं पडलंय का, ते उगाच बघत राहिले.

आमच्या लीगमध्ये कुणी कुठे बसायचं ते गुणांवर ठरे. पहिल्याला चामड्याची जुनी आरामखुर्ची, दुसऱ्याला शेजारची लाकडी, असं उतरत उतरत आठव्याला कपडे धुण्याच्या मशीनला टेकवलेलं बुटकं स्टूल. आठ वर्षं त्या स्टुलावर भालूभाऊच बसत आले होते. मशीन चालू असलं की स्टूल थरथरायचं. मग ते म्हणायचे, “कुंदा, बघ, माझ्या संघात हालचाल आहे.”

त्या रविवारी मात्र ते दुसरे होते. पहिल्यांदाच. त्यांच्या हक्काची होती ती साधी लाकडी खुर्ची, आणि तिच्या जागी मी ही गादीची आणून ठेवली होती. लाकूड टोचेल अशी भीती मला का वाटली, हे त्यांनी विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. म्हणजे, आलं असतं.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या जुलैतली, ओहायोतल्या डेटन गावची. तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हतं. आठ मराठी पुरुष दर पाडव्याला आमच्या तळघरात जमत आणि खऱ्या बेसबॉल खेळाडूंमधून आपापला एक कागदी संघ निवडत. एकानं उचललेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नसे. मग सप्टेंबरपर्यंत तो खेळाडू कुठल्यातरी खऱ्या मैदानावर चेंडू टोलवी, आणि त्याचे गुण इथे वहीत त्याच्या कागदी मालकाच्या नावावर पडत. वही माझी. पेपरात मुंगीच्या पावलांएवढ्या टायपात छापलेले आकडे पेन्सिलीनं उतरवून दर रविवारी मी बेरजा करायची.

मला हे कसं येत होतं, तर शिकवलं कुणीच नव्हतं. मी गुहागरची. बारावीनंतर घरी बसलेली, एकविसाव्या वर्षी लग्न करून इथे आलेली. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला नोकरीची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही, आणि इंग्रजी वाचलेलं कळायचं पण ऐकलेलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्या मिसेस हॉबर्ट ओसरीवर रेडिओ लावून बसत. बाकी अमेरिकन माणसं भराभरा बोलायची, पण बेसबॉलचा समालोचक सावकाश बोलायचा, कारण त्या खेळात बराच वेळ काही घडतच नाही. मी आमच्या बाजूला वाटाणे सोलत ऐकत बसायची. दोन उन्हाळ्यांत मला इंग्रजी आलं आणि बेसबॉलही. वाटाणे तर येतच होते.

भालूभाऊंना ते कळलं तेव्हा ते एवढे खूश झाले की दुसऱ्या दिवशी लांबलचक हिशेबवही घेऊन हजर. म्हणाले, “लीगला चिटणीस मिळाली. तीही माझ्या माहेरची.” ते भालचंद्र दामले, आमच्या गुहागरच्या खालच्या पाटातले, म्हणजे खालच्या वस्तीतले. म्हणून मला भाऊ. लीग काढली त्यांनीच, आणि ढालीऐवजी स्वतःच्या आईचा तांब्या दिला. तांब्याचा तांब्या, पोटाला एक पोचा असलेला. पाडव्याला आमच्या अंगणात बॅटची गुढी उभी राहायची, तिला खण, साखरेची गाठी, आणि वर हा तांब्या उपडा. मग सप्टेंबरअखेर जो जिंकेल त्याच्या घरी तो वर्षभर राहायचा.

“दरवर्षी जिंकून घरी आणीन,” पहिल्या पाडव्याला ते म्हणाले होते, “आईला वाटेल, पाणी भरायला नेला होता.”

आठ वर्षांत तो त्यांच्या घरी एकदाही परत गेला नाही. पाच वेळा तो विद्याधर पोंक्ष्यांकडे गेला. पोंक्षे आणि भालूभाऊ सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात चार वर्षं एका खोलीत राहिलेले, एकाच विमानानं इकडे आलेले. पोंक्षे एका विमा कंपनीत आकडेतज्ज्ञ होते. माणसं सरासरी किती जगतात याची कोष्टकं करायची, हे त्यांचं काम. तसा माणूस बेसबॉलमध्ये हरणार कसा? भालूभाऊ मात्र खेळाडू निवडायचे ते चेहरा बघून. “याला आई नसावी,” म्हणायचे, आणि घ्यायचे.

एकाच माणसानं सारखं जिंकावं यात कुणालाच मजा उरली नव्हती, पोंक्ष्यांनाही नाही. म्हणून त्या वर्षी मार्चमध्ये मला सांगण्यात आलं की वहिनी, नवे नियम करा, सगळ्यांना जिंकायची सारखी संधी मिळेल असे. मी तीन आठवडे लायब्ररीत बसले. दुसरे लोक काय करतात ते वाचलं, आणि सात कलमं लिहिली. मला त्यांचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू? मराठीत लिहिली होती, आणि कुठे सुई शिरायला जागा ठेवली नव्हती.

पहिली सहा पोंक्ष्यांचे पंख छाटणारी. सातवं मात्र दोन वर्षांपूर्वीच्या एका लबाडीमुळे घालावं लागलं. केळुसकर म्हणून एक गृहस्थ होते. त्यांनी जुलैत आपले पुढच्या वर्षीच्या निवडीतले पहिले तीन हक्क देऊन टाकले, बदल्यात या वर्षासाठी दुसऱ्यांचे चांगले खेळाडू घेतले, आणि नोव्हेंबरात ह्यूस्टनला निघून गेले. बदलीचं त्यांना मे महिन्यापासून माहीत होतं. त्यांचा संघ पुढच्या पाडव्याला वागळेकडे आला. त्या बिचाऱ्याला पहिल्या तीन फेऱ्या नुसतं पोहे खात बसावं लागलं. ज्याला उद्या यायचंच नाही त्यानं उद्या विकायचा, आणि आज जिंकायचं! म्हणून मी लिहिलं:

‘कलम सात. पुढील वर्षाचे हक्क देऊन या वर्षासाठी खेळाडू घेणाऱ्याने, पुढच्या पाडव्याच्या निवडीला मी स्वतः हजर राहीन, असे सर्वांसमक्ष लिहून सही करावी. सही नसल्यास, वहीत कारण नोंदवून सौदा रद्द.’

मतं जुलैच्या बैठकीत घ्यायची ठरली, आणि मान्य झालं तर लगेच लागू. हे सगळं मार्चमध्ये.

मेमध्ये भालूभाऊंच्या तपासण्या झाल्या. ‘पोटाचं आहे’ एवढंच आम्ही एकमेकांना सांगितलं. पोट केवढं मोठं असतं, त्यात किती काय काय असतं, पण कुणी पुढचं विचारलं नाही. डॉक्टर नाडकर्णी आमच्यातलेच, भूल देणारे. त्यांना नक्की माहीत होतं. ते भेटले की चहाच्या कपात बघत राहायचे. जूनमध्ये भालूभाऊंच्या पट्ट्याला नवी भोकं पडली. स्वतःच पाडलेली, आणि दोन भोकांमधलं अंतर अगदी मोजून सारखं. सत्तावीस वर्षं विमानाच्या इंजिनातली बेअरिंगं तपासण्यात घालवलेला माणूस, भोकंसुद्धा नियमातच पाडणार. कारखान्यात त्यांची एक गोष्ट प्रसिद्ध होती. ते एक दिवस रजेवर असताना दुसऱ्यानं मोजलेला माल त्यांच्या सहीवाचून अडला. साहेब म्हणाला, आकडे बरोबर आहेत, कर सही. यांनी तीन दिवस माल अडवून पुन्हा एकेक मोजलं. आकडे बरोबरच निघाले. “मग मिळवलंत काय?” असं त्यांच्या बायकोनं, निमावहिनींनी, विचारलं, तर म्हणाले, “झोप.”

आणि नेमक्या याच वर्षी त्यांचा संघ पळत सुटला. आई नसलेले त्यांचे सगळे खेळाडू एकदम टोलवायला लागले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते दुसरे होते, पोंक्ष्यांच्या मागे अवघे एकोणीस गुण. आणि तेव्हा त्यांनी श्रीनिवासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, फोन केला.

श्रीनिवास सातवा होता, त्याचं वर्ष संपल्यात जमा. पण त्याच्याकडे ‘वरवंटा’ होता. हे नाव भालूभाऊंनीच ठेवलेलं. आडव्या खांद्यांचा एक दांडगा फलंदाज, लीगमधला सगळ्यात भारी. भालूभाऊंनी त्याच्या बदल्यात पुढच्या पाडव्याचे आपले पहिले तीन हक्क देऊ केले. सौदा वहीत चढायचा तो रविवारच्या बैठकीत, सगळ्यांसमोर. श्रीनिवास ‘हो’ म्हणाला, फोन ठेवला, आणि स्वयंपाकघरात येऊन नुसता उभा राहिला.

“वरवंटा मिळाला तर जिंकतील ते,” तो म्हणाला.

“कलम सात,” मी म्हणाले.

आम्ही दोघं बराच वेळ गॅसकडे बघत होतो. गॅसवर काहीही नव्हतं.

“खोडून टाकते मी,” मी म्हणाले. “माझंच आहे ते. म्हणेन, नीट जमलं नाही.”

“खोडलंस तर का खोडलंस ते त्यांना कळणार नाही?”

“मग पुढच्या वर्षापासून लागू करा म्हणते.”

“ते तर आणखीच कळेल.”

खरंच होतं. मी इतकं घट्ट कलम लिहिलं होतं की त्यातून त्यांना सोडवायचं तर का सोडवतोय ते मोठ्यानं सांगावं लागणार, आणि नाही सोडवलं तर कागदावर त्यांची सही घ्यावी लागणार. सुई शिरायला खरंच जागा नव्हती.

तर तो रविवार. खऱ्या लीगला दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस सुट्टी होती, म्हणून आमची बैठक. पोंक्षे सगळ्यांच्या आधी आले. खुर्च्या मांडायला मदत करता करता हळूच म्हणाले, “वहिनी, सातवं कलम खोडू नका.”

“मी कुठे खोडतेय, भाऊजी?”

“खोडायचं मनात आलं होतं तुमच्या.” ते माझ्याकडे बघत नव्हते. “कुणालाही सूट द्यायची नाही. भालूला तर नाहीच नाही.”

मी ‘बरं’ म्हणाले. मनात म्हणाले, पाच वेळा तांब्या नेला तरी या माणसाची तहान भागत नाही. अशी मी. बेरजा बिनचूक करायची, माणसं मात्र अशी चुकायची.

तांब्या त्यांनी पिशवीतून आणला होता. लिंबू लावून लखलखीत घासलेला. टेबलाच्या मधोमध ठेवला आणि पोचा भिंतीकडे वळवला.

वर स्वयंपाकघरात निमावहिनी चहाचं आलं किसत होत्या. भालूभाऊंची बायको, आठ वर्षांत लीगमधलं एक अक्षर न समजून घेतलेली बाई. त्या दिवशी अचानक विचारतात, “कुंदा, वरवंटा म्हणजे काय गं? पहाटे उठून हे पेपरात वरवंट्याला शोधत बसतात.”

मी सांगितलं.

“तो मिळाला की तांब्या आमच्याकडे येईल?”

“बहुतेक.”

“सासूबाई त्यात तुळशीचं पाणी ठेवायच्या,” त्या म्हणाल्या. “ह्यांना दुसरं काही नकोय गं. काय करू म्हटलं तर म्हणतात, काही करू नकोस. खायला काय करू म्हटलं तरी तेच. फक्त तांब्याचं तेवढं बोलतात.” आणि आलं संपलं तरी नुसती किसणी घासत राहिल्या. मी त्यांच्या हातातून ती काढून घेतली.

खाली बैठक सुरू झाली. पहिली सहा कलमं हसत हसत झाली. हिवाळ्यात प्रत्येकानं पुढच्या वर्षासाठी पाचऐवजी दोनच खेळाडू राखून ठेवायचे, हे वाचलं तेव्हा वागळेनं टाळ्या वाजवल्या. वागळे आमच्यात सगळ्यात लहान, तिशीचा.

“पोंक्षेकाका, तीन मुलं अनाथालयात द्यावी लागणार.”

“देतो,” पोंक्षे म्हणाले. “मंजूर.”

पाडव्याला पहिली निवड शेवटच्यानं न करता पाचव्यानं करायची, हे वाचलं तेव्हा भालूभाऊंनी हरकत घेतली. “हा माझ्यावर अन्याय आहे. आठव्या नंबरावर मी घर बांधलंय.”

“आठव्याला मान दिला तर सप्टेंबरात सगळे हरायला धावतील, भाऊ,” मी म्हणाले. “पाचव्याला दिला तर निदान वर चढायला धावतील.”

“बघा,” ते नाडकर्ण्यांना म्हणाले, “गुहागरचं डोकं. आमच्याकडे नारळ पडला तरी विचार करून पडतो.”

सगळे हसले. ते स्वतः हसले तेव्हा त्यांनी पोटाशी हात धरला, आणि सगळ्यांचं हसणं एकदमच थांबलं. सारखं, कुणी बटण दाबल्यासारखं. मला वाटतं त्यांना तेच सगळ्यात जास्त टोचत असावं. खुर्चीच्या लाकडापेक्षा.

मी सातवं कलम वाचलं. माझंच लिहिलेलं, पण ‘हजर राहीन’ मी घाईघाईनं उरकलं.

मग नाडकर्णी कपात बघत म्हणाले, “हे... पुढच्या सीझनपासून लावलं तर?”

“का?” पोंक्षे.

“नाही, सहजच. यंदा अर्धं वर्ष होऊन गेलंय.”

“बाकीची सहा अर्ध्या वर्षातच मंजूर केलीत की. माझे तीन खेळाडू कापताना अर्धं वर्ष आठवलं नाही तुम्हाला.”

“काका, ते वेगळं,” वागळे म्हणाला. “सातव्याची एवढी काय घाई?”

“केळुसकरामुळे तीन फेऱ्या पोहे खाल्ले कुणी? तू. आणि तूच म्हणतोस घाई काय?”

वागळे माझ्याकडे बघायला लागला, मी वहीकडे. श्रीनिवासनं घसा साफ केला. “सौदा माझ्याशी आहे. माझी काही हरकत नाही. मला सही नको.”

“तुला नको असेल, लीगला हवी आहे,” पोंक्षे म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. “मी सहा कलमं नाक कापून घेऊन मान्य केली. मला हे एक पाहिजे. मतं घ्या, वहिनी.”

“विद्या बरोबर बोलतोय,” भालूभाऊ म्हणाले. गुबगुबीत खुर्चीत ते खूप आत गेल्यासारखे दिसत होते. “घे गं मतं.”

हात वर झाले. विरुद्ध हात करायचा तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून सगळे वर झाले. श्रीनिवासचा सगळ्यात शेवटी. कलम सात मंजूर, असं मी वहीत लिहिलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या पानावर त्यानंतर आणखी एकच ओळ आहे. ती मी पुन्हा कधी वाचली नाही. वाचावी लागत नाही.

“झालं,” पोंक्षे म्हणाले. “आता तू सही कर, वरवंटा घे, आणि हरव मला.” त्यांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं. टोपण आधीच काढलेलं होतं, खिशाला शाईचा डाग पडला होता. मी केलेला कागद त्यांनी भालूभाऊंच्या पुढ्यात सरकवला. “फक्त सही. पुढच्या पाडव्याला यायचंय तुला, एवढंच तर लिहायचंय. त्यात काय आहे? ये म्हणजे झालं.”

ते ‘ये म्हणजे झालं’ असं काही म्हणाले, की मी एकदम त्यांच्या हाताकडे बघितलं. कागद सरकवून झाला तरी बोटं त्यावर तशीच दाबून धरलेली होती. आणि मग मला लख्ख कळलं, आणि सकाळी मनात जे म्हणाले होते त्याची अशी लाज वाटली की काय सांगू. पोंक्ष्यांना तांब्या नको होता. त्यांना सही हवी होती. माणसं किती जगतात याची कोष्टकं जन्मभर करणाऱ्या त्या माणसाला स्वतःच्या मित्राच्या बाबतीत एक कागद हवा होता, ज्याच्यावर सर्वांसमक्ष लिहिलेलं असेल की हा पाडव्याला येणार आहे. एकदा भालूनं सही केली की भालू येणार. भालूची सही कधी खोटी ठरली होती?

भालूभाऊंनी चष्मा लावला. कागद दूर धरला, जवळ धरला.

“‘पुढच्या पाडव्याच्या निवडीला मी स्वतः हजर राहीन,’” त्यांनी वाचलं. “सुंदर लिहिलंयस, कुंदा. ‘स्वतः’ घातलंयस. म्हणजे बायकोला पाठवून भागायचं नाही.”

“भाऊ, मी ते मार्चमध्ये...”

“अगं, चांगलं आहे. खरंच. कुठे फट नाही.” त्यांनी पोंक्ष्यांकडून पेन घेतलं.

जिन्यावर चहाचा ट्रे घेऊन निमावहिनी उभ्या होत्या. खालून दुसऱ्या पायरीवर. कप एकमेकांना लागून बारीक वाजत होते.

भालूभाऊंनी पेनचं टोक सहीच्या रेघेपाशी नेलं, आणि तिथेच धरून ठेवलं. मग मान वर करून तांब्याकडे बघितलं. हात लांब करून तांब्या फिरवला, पोचा आपल्याकडे येईल असा, आणि पोच्यावरून अंगठा फिरवला.

“हा मी पाडलेला,” ते म्हणाले. “सहा वर्षांचा होतो. विहिरीवर. आईला सांगितलं, मांजरानं पाडला.”

वागळे हसला, आणि हसलो याचं त्याला वाईट वाटलं.

“भालू,” पोंक्षे म्हणाले, “सही कर ना.”

“विद्या...”

“नुसती सही रे. बाकी काही नको.”

“आणि मग?”

“मग काय? मग तू येशील.” पोंक्ष्यांचा चेहरा अगदी लहान मुलासारखा झाला होता, हट्टाला पेटलेल्या. “कर, भालू. सगळे बघतायत.”

“म्हणूनच,” भालूभाऊ म्हणाले. खूप मायेनं म्हणाले. “न मोजता मी कधी सही केली नाही, तुला ठाऊक आहे. आणि हे तर मोजून झालंय. नाडकर्णी होते बरोबर. आकडा मी स्वतः बघितला.”

नाडकर्ण्यांनी कप खाली ठेवला. पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली.

“सही केलीस तर वरवंटा तुझा,” पोंक्षे म्हणाले, “तांब्या तुझा.” आता ते कुणाशी बोलत होते कोण जाणे. “तांब्या घरी जाईल, भालू.”

“जाईल.” भालूभाऊंनी तांब्यावरचा हात काढला. पोंक्ष्यांच्या हातातलं टोपण घेतलं, पेनला लावलं, टक्‌ आवाज होईपर्यंत दाबलं, आणि पेन त्यांच्या डाग पडलेल्या खिशात नीट उभं खोचून ठेवलं. मग खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन ते त्या गादीतून पुढे सरकले, आणि लाकडी खुर्चीवर बसल्यासारखे ताठ झाले.

“कुंदा, वही उघडी आहे ना?”

“आहे, भाऊ.”

“लिही. दामले आणि श्रीनिवास यांचा सौदा कलम सातप्रमाणे रद्द.”

मी लिहिलं. पेन्सिल जड लागत होती.

“कारण लिही.”

“कारण राहू दे, भाऊ.”

“कारणाशिवाय रद्द होत नाही. तूच लिहिलेला नियम आहे.” ते माझ्याकडे बघत नव्हते. ते पोंक्ष्यांच्या आणि माझ्या डोक्यावरून, जिन्याच्या दुसऱ्या पायरीकडे बघत होते. “लिही. दामले पुढच्या पाडव्यापर्यंत जगणार नाहीत.”